नदीनं धुतलेली खडी

आमच्या सिस्तदरा गावात कुणी घराबद्दल चौकशी केली, तर भिंती आणि छप्पर नंतर येतं. आधी विचारतात, पाया कुणी भरला? आणि ओदिनामामदनं भरला असं म्हटलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. शाळेचा पाया त्यानं भरला, प्रार्थनाघराचा त्यानं भरला, माझ्या घराचाही त्यानंच. भूकंपात वरच्या गावच्या भिंती चिरल्या तेव्हा आमच्याकडे फक्त फडताळातली भांडी पडली, आणि ओदिनामामद पुढचा आठवडाभर गावातून अशा ऐटीत फिरला, जणू भूकंप त्याच्या परवानगीनं आला होता.

तो काही गवंडी नव्हता. सामुदायिक शेतीच्या काळात पाण्याच्या पाटाची डागडुजी करायचा, ती शेती मोडली तेव्हा त्याचं कामही मोडलं. पण त्याला खडी कळायची. आमच्याकडे घर बांधायचं ते हशर करून, म्हणजे घरमालकानं जेवण घालायचं आणि गावानं राबायचं. दिवस शरदातले. शेतं रिकामी झालेली असतात, वरचं बर्फ वितळायचं थांबलेलं असतं, नदी उतरून काचेसारखी नितळ होते. अशा वेळी डोहाच्या शेपटाकडे, जिथे पाणी पसरून उथळ वाहतं, तिथे तळाशी उजळ पट्टे दिसायला लागतात. आजूबाजूचे गोटे शेवाळानं काळवंडलेले, आणि मधेच ताटाएवढा, कुठे परातीएवढा भाग घासल्यासारखा लख्ख. तिथली खडी बेताच्या आकाराची, मातीचा कण नसलेली. सिमेंटात मिसळली की दगड होते. हे पट्टे हेरण्यात ओदिनामामदचा हात धरणारा कुणी नव्हता. "नदी आपल्यासाठी धुऊन ठेवते," तो म्हणायचा. "आपण फक्त उचलायची."

पारखायची त्याची रीत तर पाहण्यासारखी होती. ओंजळभर खडी उचलायची, त्यातला एक खडा निवडून सरळ तोंडात टाकायचा. डोळे मिटून या गालातून त्या गालात घोळवायचा. मग थुंकून म्हणायचा, "माती आहे." पण खडी चांगली असली तर काहीच बोलायचा नाही, नुसतं फावडं उचलायचा. त्याच्या घरच्या सवसनवहिनी म्हणायच्या, "माझ्या हातचा शोरबा इतका मन लावून कधी खाल्ला नाही या माणसानं."

त्या खडीबरोबर कधीकधी बारीक नारिंगी दाणे यायचे, मूठ-दोन मूठ. आमच्या काठावर काटेरी झुडपं माजलेली आहेत, शरदात ती नारिंगी फळांनी लगडतात, बायका ती खोकल्यासाठी काढून ठेवतात. तीच फळं गळून पाण्यात पडत असणार, हे इतकं उघड होतं की कुणी वाकून पाहिलं नाही. चाळणी हलवायची, दाणे वाहून जायचे.

आता माशांविषयी. आमच्या नदीत गुलमोही होते, म्हणजे फूलमासे. बाहेरून येणारे त्यांना ट्राउट म्हणतात. पाठ तपकिरी, कुशीवर तांबडे ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं, कुणी बसून काढल्यासारखं. माझ्या लहानपणी बायका भांडी घासायच्या त्या खडकापाशी हे मासे येऊन थांबायचे. रश्श्यातल्या शेवयांचा तुकडा सुटला की वर यायचे, आणि आज चूल कुणाकडे पेटली नाही हे गावाच्या आधी माशांना कळायचं. गाय पाण्यात उतरली तर जागचे हलत नसत. तिच्या खुरांनी उडालेल्या गाळात काही खायला मिळतं का ते बघत मागे मागे फिरायचे. पण बूट घातलेला माणूस काठावर नुसता चालत आला, अजून त्याची सावलीही पाण्यावर पडली नाही, तोच डोह रिकामा. जमिनीतून त्यांना पाऊल कळतं. माणूस बघायला गेला की मासा नाही, आणि मासा बघायचा तर माणसानं माणसासारखं वागायचं सोडलं पाहिजे, अशी ती अडचण.

मग ते कमी होत गेले. आधी वरचे डोह ओस पडले, मग मधले. आम्ही प्रत्येकाला दोष देऊन पाहिला. लढाईच्या वर्षांत सैनिकांनी पाण्यात सुरुंग टाकले होते, त्यांना दिला, आणि तो खोटा नव्हता. वीजघरवाले मनाला येईल तेव्हा पाणी सोडतात आणि अडवतात, त्यांना दिला. खालच्या गावचे लोक जाळी लावतात म्हणून त्यांच्याशी भांडून आलो. त्यात सगळ्यात मोठा आवाज ओदिनामामदचा, कारण लोण्यात तळलेला गुलमोही हा त्याचा जीव की प्राण. मोबाइलचा मनोराही सुटला नाही. शेवटी ट्रॅक्टरवाला तुराबशो म्हणाला, "मासेही मॉस्कोला गेले असतील कामाला. इथे राहिलंय कोण?" त्यावर सगळे हसले, आणि मग कुणी हसेना, कारण त्या वर्षी गावातल्या घरटी एकाला तिकडे जावं लागलं होतं.

ओदिनामामदचा मुलगा इमोमयोर त्यांतलाच. मॉस्कोत इमारतींचं काँक्रीट ओतायचा. पोरगा बापासारखाच, हाडापेरानं रुंद आणि बोलायला तिखट. त्याचं नेकबख्तशी ठरलं होतं, वरच्या गावातली मुलगी, शाळेत शिकवते. पण तिच्या आजीनं अट घातली होती. आधीच्या दोन नाती सासूच्या चुलीपाशी नांदायला गेल्या आणि दोघी रडत परत आल्या, म्हणून या नातीला स्वतःचं छप्पर हवं. छप्पर नाही तर लग्न नाही. म्हातारीचा शब्द म्हणजे शब्द, तिच्यासमोर वरच्या गावचा मुखियाही टोपी काढून उभा राहतो.

म्हणून त्या शरदात इमोमयोर रजा काढून आला. जमीन गोठायच्या आत पाया भरायचा, तो मॉस्कोला परत गेला की हिवाळ्यात काँक्रीट बसेल, वसंतात गाव भिंती उभ्या करील, पुढच्या शरदाच्या आधी लग्न. ठरलेल्या दिवशी हशर बोलावला. खडी आणायची तुटक्या पुलाच्या डोहातून, कारण उजळ पट्टे आता तेवढ्या एकाच ठिकाणी दिसत होते. बाकी डोहांत पट्टे पडायचे थांबले होते. "नदी म्हातारी झाली, तिला आता धुणं होत नाही," असं ओदिनामामद त्यावर म्हणायचा.

सकाळी सवसनवहिनींनी फावड्यांवर आणि नवऱ्याच्या उजव्या खांद्यावर पीठ शिंपडलं, शुभकामाला आम्ही शिंपडतो तसं. ओदिनामामद सगळ्यांच्या आधी एकटाच पुढे निघाला आणि काठावरच्या बर्फाळ गवतावरून घसरला. गुडघा असा मुरगळला की उठता येईना. कसाबसा सरपटत तो तुटक्या पुलाच्या खांबापाशी जाऊन टेकून बसला. हाका मारून उपयोग नव्हता. गावात तुराबशोच्या ट्रॅक्टरखाली शेकोटी पेटवून त्याचं इंजिन ऊबदार करणं चाललं होतं, आणि तो ट्रॅक्टर एकदा रुसला की त्याची समजूत घालायला अर्धं गाव लागतं.

तर हा माणूस, ज्याला कुणी कधी स्वस्थ बसलेला पाहिला नव्हता, नदीकाठी बसून राहिला. पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं, एकदाच.

बराच वेळ काही नव्हतं, नुसतं पाणी. मग शेपटाकडच्या उथळात एक मादी आली. हातभर लांब, इतकी मोठी त्यानं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. त्याला पहिला विचार आला तो लोण्याचा, हे त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. मग ती अंगावर कलली आणि तळाच्या काळ्या गोट्यांवर शेपटी हाणायला लागली. गाळाचा लोट उठला आणि वाहून गेला. जरा थांबली, वळसा घालून वर आली, पुन्हा कलली, पुन्हा हाणलं. तिच्या शेपटीच्या कडा झिजून पांढऱ्या पडल्या होत्या. शेवाळलेले गोटे उलथत होते, खालची माती निघत होती, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिथे लख्ख पट्टा उमटत गेला. एक खळगा झाला. तेव्हा ती त्यात उतरली, पोट खाली टेकवून पोटाखालच्या परानं खडी चाचपली, आणि तिला ती पटली नसावी, कारण वर येऊन तिनं पुन्हा हाणायला सुरुवात केली.

"माझ्यासारखीच रे," तो म्हणाला. "माती आहे म्हणाली."

मग एक नर तिच्या शेजारी येऊन थरथरला. खळग्यात नारिंगी दाणे पडले. मादीनं जरा वर सरकून तिथली खडी उडवली, ती खाली येऊन दाण्यांवर बसली. आणि तेवढ्यात वाटेनं बुटांचे आवाज आले. ओदिनामामदला ते ऐकू यायच्या आत दोघं नाहीशी झाली होती.

आम्ही पोचलो तेव्हा तो खांबाला टेकून, पिठाचा खांदा तसाच, पाण्याकडे बघत होता.

"काय काका, आजपासून नदीवर पहारा का?" तुराबशो ओरडला.

"गुडघा गेला," ओदिनामामद म्हणाला. "ऐका, इथली खडी नको. आपण नाल्याची घेऊ."

सगळे हसले. नाल्याची म्हणजे डोंगरावरून घसरून आलेली, निम्मी चिखल.

"नाल्याची?" तुराबशो म्हणाला. "अहो, तुम्हीच म्हणता ना, ती म्हातारीच्या डोक्यातल्या उवांसारखी निवडत बसावी लागते!"

"आज धुऊन घेऊ."

"कशात? चहाच्या किटलीत?"

इमोमयोरला हसू आलं नाही. "बाबा, पडलात तेव्हा डोकं आपटलं का कुठे?"

"इथली खडी खराब झालीय," ओदिनामामद म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे ते फार वाईट जमलं.

इमोमयोर बुटांसकट पाण्यात उतरला. आधीच्या एका पट्ट्यात त्यानं फावडं घातलं, काठावर रिकामं केलं, एक खडा उचलून तोंडात टाकला. डोळे मिटून घोळवला आणि थुंकला. "स्वच्छ आहे," तो म्हणाला. "मला तुम्हीच शिकवलंत."

 ओदिनामामद त्या ढिगाकडे हात करून म्हणाला, "त्यातला नारिंगी दाणा दे. तुराबशोला दे. तुराबशो, फोड."

तुराबशोनं बोटांत चिरडला. "पाणी आहे नुसतं. तेलकट."

"झुडपाच्या फळात काळं बी असतं. यात आहे?"

तुराबशोनं बोटं जवळ घेऊन पाहिलं. मग दुसरा दाणा उचलून फोडला, मग तिसरा. आणखी दोघं-तिघं वाकले.

"बी नाही," तो म्हणाला, आणि या खेपेला त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"नदी धूत नाही," ओदिनामामद म्हणाला. "मासळी धुते. शेपटी झिजेपर्यंत धुते आणि त्यात अंडी ठेवते. मग आपण येतो. मी येतो. चांगली धुतली गेलीय म्हणून तीच उचलतो. पहिल्या डोहापासून शेवटच्या डोहापर्यंत मीच दाखवत आलो, इथून काढा, तिथून काढा."

 मी माझ्या घराचा विचार करत होतो, आणि बहुतेक प्रत्येकजण आपापल्या.

"म्हणजे माझा गोठासुद्धा?" तुराबशोनं विचारलं.

"गोठा, तुझं घर, शाळा, प्रार्थनाघर. सगळं."

"आणि आपण खालच्या गावच्यांची जाळी फाडून आलो!"

"ती मी फाडली," ओदिनामामद म्हणाला.

इमोमयोर अजून पाण्यात उभा होता. "झालं ते झालं, बाबा. हा एक डोह. माझ्या घरापुरती. मग नका काढू कुणी, मी स्वतः पाटी लावतो."

"हा एकच उरलाय."

"मॉस्कोत लोकांची घरं बांधतो मी," इमोमयोर म्हणाला. "आणि माझं घर मासे बांधू देत नाहीत! रजा संपत आलीय माझी. नेकबख्तच्या आजीला काय सांगू? मासळी बाळंत आहे म्हणून लग्न पुढे ढकललं?"

एरवी या वाक्यावर गाव आठवडाभर हसलं असतं.

"पोरा," ओदिनामामद म्हणाला, "माझ्यानं उठवत नाही, नाहीतर तुझ्या हातातलं फावडं घेतलं असतं. तू मला उचल आणि नाल्यावर नेऊन ठेव. मी बसल्या बसल्या धुतो."

इमोमयोरनं त्याला पाठीवर घेतलं आणि नाल्यापर्यंत नेलं. 

तो दिवस आम्ही कुणी विसरणार नाही. नाल्यालगतच्या पाटाच्या पाण्यात खडी धुवायची, धान्याच्या चाळण्या-परातींपासून जुन्या बाजेच्या जाळीपर्यंत मिळेल ते घेऊन. बायका आल्या, शाळा सोडून पोरं आली. हात आधी लाल झाले, मग निळे, मग आपले वाटेनासे झाले. सवसनवहिनी गरम शीरचहाच्या, म्हणजे दुधाच्या खारट चहाच्या, वाट्या देत फिरत होत्या आणि प्रत्येकाला सांगत होत्या, "पिऊ नका आधी, हात धरा भोवती." ओदिनामामद पाय लांब करून बसला होता, प्रत्येक पाटीतला खडा चाखत होता, आणि दर वेळी म्हणत होता, "माती आहे." पुन्हा धुवायची. तुराबशो म्हणाला, "काका, त्या मासळीची नेमणूक इथे करा. तिचं काम आपल्यापेक्षा बरं होतं." खडी धुताना तेवढं एक हसू.

संध्याकाळी पायाच्या तीन बाजू भरल्या. चौथी राहिली. दुसऱ्या दिवशी पाट गोठला, आणि त्यानंतर जमीन.

नेकबख्तच्या आजीला निरोप गेला. तिचा उलट निरोप आला की तीन बाजूंच्या घराला छप्पर नसतं. लग्न पुढच्या शरदावर गेलं. इमोमयोर निघाला त्या सकाळी त्यानं आईच्या हाताचं चुंबन घेतलं, शेजाऱ्यांना मिठी मारली, आणि बापाची काठी त्याच्या हातात नीट ठेवून गाडीत बसला. हिवाळाभर त्याचा फोन यायचा तो सवसनवहिनींना. ओदिनामामद शेजारी बसून ऐकायचा. वहिनी फोन पुढे करायच्या, तेव्हा पलीकडून आवाज यायचा, "आई, बस आली, ठेवतो." मॉस्कोत इतक्या बस आहेत हे आम्हाला त्या हिवाळ्यात कळलं.

गुडघा पुरता बरा झालाच नाही. चालता येईना म्हणून ओदिनामामद नदीवर जाऊन बसायला लागला, त्याच खांबापाशी. वसंतात, झुडपांना पालवी फुटली तेव्हा, त्यानं मला हाक मारून बोलावून घेतलं. "बूट काढ," म्हणाला, "आणि बोलू नकोस." काठालगतच्या संथ पाण्यात, गोट्यांच्या आडोशानं, नखाएवढी पिलं प्रवाहाकडे तोंड करून उभी होती. अजून ठिपकेही उमटले नव्हते. माझी सावली पडली आणि ती विझल्यासारखी दिसेनाशी झाली.

"इमोमयोरला सांग की," मी म्हणालो.

"तो फोनवर येईल तेव्हा ना."

पुढच्या शरदात इमोमयोर आला. नाल्याची खडी त्या उन्हाळ्यात आम्ही थोडी थोडी धुऊन ठेवली होती, कुणी कुणाला न सांगता. चौथी बाजू एका दिवसात भरली. भिंती उभ्या राहिल्या, छपराचे खांब उभे राहिले. लग्न झालं, आजीनं घराला आतून तीन वेळा फेरी मारली आणि चूल लहान आहे म्हणाली. बापलेक एकमेकांशी बोलायला लागले होते, पण कामापुरतं. वासा धर, खिळा दे. नदीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

ओदिनामामद त्याच्या पुढच्या शरदात गेला, दुपारी, खांबापाशीच. सवसनवहिनी चहाला बोलवायला गेल्या, तर म्हणे बराच वेळ त्याच्याशेजारी उभ्या राहिल्या, तो मासे बघतोय असं समजून, न बोलता.

इमोमयोर मॉस्कोहून निघून, विमान आणि खडकाळ रस्ता करून पोचला तेव्हा माती देणं तेवढं शिल्लक होतं. आमच्या गावात कबरीवर स्वच्छ खडी पसरतात. खोदणारे परतले तशी तरुण पोरं पाट्या-फावडी घेऊन सवयीनं नदीच्या वाटेला लागली. इतकी वर्षं तीच वाट होती, आणि हात आपोआप तिकडे वळतात. आम्ही म्हातारेही ओट्यावर बसून बघत राहिलो. कुणाच्या लक्षात आलं नाही, खरं सांगायचं तर माझ्याही.

"कुठे निघालात?" इमोमयोरनं विचारलं.

"खडी आणायला. तुटक्या पुलाच्या डोहावर लख्ख पट्टे पडलेत यंदा, खूप."

 इमोमयोरनं पुढच्या पोराच्या हातातली पाटी घेतली.

"नाल्याची आणा," तो म्हणाला. "मी धुतो."

पाटाचं पाणी हाडापर्यंत जाणारं होतं. त्यानं कोटाच्या बाह्या वर केल्या आणि गुडघ्यावर बसून एकट्यानं धुतली. कुणी मदतीला पुढे झालं तर मान हलवायचा. एक पाटी झाली की खडा तोंडात टाकायचा, डोळे मिटून घोळवायचा, थुंकायचा. "माती आहे." पुन्हा पाण्यात. वर कबरस्तानात लोक थंडीत उभे होते, आणि कुणीही घाई करा म्हणालं नाही.

शेवटी त्यानं एक खडा तोंडात टाकला. बराच वेळ घोळवला. मग काही न बोलता फावडं उचललं.